उसनी मृदुता : बुडवून घडविलेल्या प्लॅस्टिकची पूर्वपीठिका

बुडवून वस्तू घडविण्याची विद्या प्लॅस्टिकहून पुष्कळ जुनी आहे. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मूलनिवासी लोक मातीचा साचा करीत, रबराच्या झाडाच्या चिकाचे त्यावर थरावर थर चढवीत, प्रत्येक थर धुरावर धरून सुकवीत, आणि हवी तेवढी जाडी आली की आतली माती फोडून काढून पादत्राण किंवा बाटली हाती घेत. पृथ्वीच्या आकाराचे मापन करण्याकरिता फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने दक्षिण अमेरिकेत धाडलेल्या मोहिमेतील ला कोंदामीन ह्या विद्वानाने १७३६ मध्ये ह्या पदार्थाचे नमुने पॅरिसला रवाना केले, तेव्हा कोठे युरोपीय विज्ञानाच्या दप्तरी रबराची रीतसर नोंद झाली. त्या वनवासी कृतीत जी तीन अंगे होती, म्हणजे आकार देणारा गाभा, त्याला बिलगणारा द्रव आणि त्या द्रवाला घनरूप देणारी उष्णता, ती तिन्ही आज मोटारीच्या बॅटरीच्या टोकावरील तांबड्या टोपीत, विजेच्या जाड केबलच्या जोडावर चढविलेल्या काळ्या आवरणात, सायकलच्या मुठींत आणि पातळ व्हिनाइल हातमोज्यांत तशीच्या तशी आढळतात. पालटला तो द्रव. त्या द्रवाची निवड कोणी, कशी आणि कोणत्या अडचणींतून केली, ह्याची हकिकत आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून ती येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

ज्या पदार्थापासून हा द्रव होतो तो पॉलिव्हिनाइल क्लोराइड, अर्थात पीव्हीसी, स्वभावतः मुळीच मऊ नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनाइल क्लोराइड हा वायू बंद काचपात्रात उन्हात ठेवला असता आत एक पांढरा घनपदार्थ जमलेला त्याला दिसला. तो नेहमीच्या द्रावकांना दाद देत नव्हता, आणि त्याचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे चाळीस वर्षांनी जर्मनीत एक चमत्कारिक व्यापारी पेच उद्भवला. कॅल्शियम कार्बाइडपासून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर रस्त्यारस्त्यांतले आणि घराघरांतले दिवे जळतील ह्या भरवशावर कार्बाइडचे मोठमोठे कारखाने उभे राहिले होते, आणि तेवढ्यात विजेच्या दिव्याने त्या साऱ्या हिशेबावर पाणी फिरविले. साचून राहिलेल्या ॲसिटिलीनचा विनियोग शोधण्याची कामगिरी ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन ह्या कंपनीतील फ्रिट्झ क्लाटे ह्याच्याकडे आली. त्याने ॲसिटिलीन व हायड्रोक्लोरिक आम्ल ह्यांच्या संयोगाने व्हिनाइल क्लोराइड केले, सूर्यप्रकाशाने त्याचे पीव्हीसी केले आणि १९१३ मध्ये त्याचे पेटंटही घेतले. परंतु ज्या तापमानाला हा पदार्थ मऊ होऊन साच्यात वळेल, जवळजवळ त्याच तापमानाला तो विघटन पावून आम्लाची वाफ सोडू लागे, त्यामुळे कारखानदाराच्या दृष्टीने तो निरुपयोगीच राहिला. काही वर्षांनी ती पेटंटची सनद कंपनीने चालू ठेवली नाही, आणि पीव्हीसी कोणीही हाती घ्यावा असा बेवारस माल झाला.

त्या बेवारस मालाला वारस मिळाला तो अमेरिकेतील ओहायो प्रांतात, ॲक्रन नावाच्या रबराच्या शहरी. बी. एफ. गुडरिच कंपनीत नव्याने रुजू झालेल्या वॉल्डो सेमन ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञावर १९२६ मध्ये सोपविलेले काम वेगळेच होते : रबराचे अस्तर धातूच्या टाकीला कायमचे चिकटून राहील असे काही द्रव्य शोधायचे. पीव्हीसीच्या रेणूतून हायड्रोक्लोरिक आम्ल काढून टाकले तर उरलेला रेणू रबराशी आणि धातूशी सलगी करील असा तर्क बांधून त्याने ती पूड फार उच्च तापमानाला उकळणाऱ्या एका द्रवात तापविली. अपेक्षित गोंद झालाच नाही. निवल्यावर हाती आला तो एक लवचीक, रबरासारखा ताणला जाणारा, पाण्याला न भिणारा जेलीसदृश गोळा. त्याने त्यापासून प्रथम बुटाची टाच आणि गोल्फचा चेंडू अशा किरकोळ वस्तू करून पाहिल्या. १९३३ मध्ये पेटंट मिळाले, आणि ‘कोरोसील’ ह्या नावाने तो माल बाजारात येऊन रेनकोट, पडदे आणि तारांवरील वेष्टने ह्यांत शिरला.

सेमनच्या ह्या शोधातील मर्म असे की, त्याने पीव्हीसीचा स्वभाव बदलला नाही. लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात म्हणून तो पदार्थ कठीण असतो. त्या साखळ्यांच्या मध्ये एखादा जड, संथ, सहजी न उडणारा द्रव शिरला की साखळ्यांना एकमेकींवरून सरकण्याची मुभा मिळते आणि पदार्थ मृदू होतो. ह्या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. तो रेणूशी रासायनिक बंधनाने जोडलेला नसतो, केवळ वस्तीला आलेला असतो, आणि म्हणून संधी मिळताच तो निघूनही जाऊ शकतो. मऊ पीव्हीसीची मृदुता ही अशी उसनी मृदुता आहे. ती कोणाकडून उसनी घ्यायची, किती घ्यायची आणि ती परत कधी जाईल, ह्या तीन प्रश्नांत ह्या धंद्यातील द्रव्यनिवडीचे सारे शास्त्र सामावलेले आहे असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धाने ह्या पदार्थाचे भाग्य उजळले. १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या अमलाखाली गेल्याबरोबर दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. तोपर्यंत पर्याय म्हणून आलेला मऊ पीव्हीसी जहाजांवरील विजेच्या तारांच्या वेष्टनाकरिता निकडीची वस्तू ठरला. त्यातच तो सहजासहजी पेट घेत नाही हा त्याचा गुण आरमाराच्या नजरेत भरला. ह्या गुणाचे कारण असे की त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. त्याच सुमारास जर्मनीत विकसित झालेल्या इमल्शन पद्धतीने पीव्हीसीची इतकी सूक्ष्म पूड मिळू लागली की तिचा कण जेमतेम एका मायक्रॉनच्या आसपास असे. ही पूड प्लॅस्टिसायझरमध्ये कालविली की थंड अवस्थेत ती विरघळत नाही आणि खाली बसतही नाही. दाट रंगासारखा ओतता येण्याजोगा द्रव होतो. त्यालाच प्लॅस्टिसॉल म्हणतात; आपल्याकडील कारखान्यांत त्याला नुसते ‘पेस्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे. युद्धोत्तर काळात अमेरिकेतील घरोघरी जे प्लॅस्टिकचा लेप दिलेले तारेचे ताटाळे आले, हत्यारांच्या मुठींवर जी रंगीत वेष्टने चढली, ती ह्या पेस्टची देणगी होय. ॲमेझॉनच्या चिकाला कारखान्यातला प्रतिस्पर्धी मिळाला, आणि बुडवून घडविण्याची जुनी विद्या नव्या द्रवावर पुन्हा उभी राहिली.

ही क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. ॲल्युमिनियमचे शेदीडशे साचे एका चौकटीवर उलटे टांगलेले असतात. ते भट्टीत दीडशे ते दोनशे अंश सेल्सियसच्या दरम्यान तापवून पेस्टच्या हौदावर आणले जातात आणि संथपणे आत सोडले जातात. तप्त धातूचा स्पर्श होताच लगतच्या पेस्टमधील पुडीचे कण भोवतीचा प्लॅस्टिसायझर पिऊन, पाण्यात भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे, फुगू लागतात आणि एकमेकांना टेकून साच्याभोवती थर धरतात. थराची जाडी किती यावी हे हौदातील मुक्कामाइतकेच साच्याच्या अंगी साठलेल्या उष्णतेवर अवलंबून असते, म्हणून जाड साच्यावर जाड थर येतो, बारीक कडेवर पातळ येतो, आणि हे ज्याला उमगले नाही त्याच्या टोप्या कडेशी फाटतात. नंतर साचे वर काढण्याची वेळ येते, आणि माझ्या मते ह्या क्रियेतील खरे कसब येथेच आहे. घाईने वर ओढले तर पेस्टचे ओघळ तसेच थिजून राहतात, आणि फार रेंगाळले तर थर जाड होत जातो. सगळ्यांत खालच्या टोकाशी एक थेंब लोंबू लागतो. तो टोकाशीच गोठून त्याची गाठ राहू नये म्हणून चौकट नेमक्या क्षणी उलटी करावी लागते. त्यानंतर दुसऱ्या भट्टीत १७० ते १९० अंशांच्या सुमारास तो थर पुरता एकजीव होतो. हे एकजीव होणे अपुरे राहिले तर माल वरून निर्दोष दिसतो, पण ताणला की चिरा पडतात. उष्णता फाजील झाली तर रंग पिवळा, मग तपकिरी होतो. शेवटी पाण्यात बुडवून, आत हवा फुंकून, ओल्या हाताने टोपी साच्यावरून सोलून काढतात.

आता निवडीचा तपशील पाहू. कारखान्यातील हिशेब नेहमी शंभर भाग पुडीवर बेततात. शंभराला साठ भाग प्लॅस्टिसायझर घातला तर काठिण्य शोर ए मापावर साधारण ८० च्या आसपास येते, म्हणजे बोटाने दाबल्यास जेमतेम दबेल अशी मूठ होते. शंभराला शंभर घातला तर ते ६० च्या आसपास उतरते आणि लुसलुशीत टोपी मिळते. पुडीचे रेणू लांब असले तर वस्तू चिवट होते परंतु भट्टी अधिक तापवावी लागते, आणि आखूड असले तर कमी उष्णतेत काम भागते परंतु चिवटपणा घटतो. उष्णतेने सुटणारे आम्ल जागच्या जागी शमविण्याकरिता स्टॅबिलायझर लागतो. पूर्वी ते काम शिशाची व कॅडमियमची संयुगे इमानेइतबारे करीत, पुढे त्यांचे विष ओळखून त्यांची जागा बेरियम-झिंक आणि कॅल्शियम-झिंक ह्यांनी घेतली. स्वस्ताई करण्याच्या हेतूने खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालण्याचा मोह होतो. थोडी घातली तर चालते, परंतु अति झाली की वस्तू पहिल्याच ताणाला तुटते. पेस्ट साठवणीत हळूहळू दाट होत जाते आणि उष्म हवेत हे दाटणे जलद होते, म्हणून कोकणपट्टीसारख्या प्रदेशात हौद थंड राखणे ही चैन नसून गरज आहे.

प्लॅस्टिसायझरांत डीओपी ह्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा थॅलेट वर्गातील द्रव अनेक दशके सार्वभौम होता. तो स्वस्त, वर्णहीन, पीव्हीसीशी उत्तम सलोखा राखणारा आणि भट्टीत फारसा न उडणारा असल्यामुळे दुसरा विचार करण्याची निकड कोणाला भासली नाही. मात्र विशेष प्रसंगी त्याचे सहकारी शोधावे लागले. कडाक्याच्या थंडीतही वस्तू लवचीक राहावी असे असेल तर ॲडिपेट घ्यावे, पण ते लवकर उडून जाते. तेलातुपाशी संबंध येणार असेल तर लांब साखळीचे पॉलिमेरिक प्लॅस्टिसायझर घ्यावेत. ते जागचे हलत नाहीत, पण पेस्ट दाट करतात. ज्वालारोध हवा असल्यास फॉस्फेटे घ्यावीत. आपल्या बाजारात दर उतरविण्यासाठी क्लोरिनेटेड पॅराफिन मिसळण्याची चाल फार पसरली. ते उष्णतेला कच्चे असते, आणि त्याच्या आखूड साखळीच्या प्रकारावर २०१७ मध्ये स्टॉकहोम करारान्वये निर्बंध आले.

उसनी मृदुता परत जाते म्हणजे काय होते, हे पाहायला कारखान्यात जाण्याची आवश्यकता नाही. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीत व्हिनाइलचे खोडरबर आणि पारदर्शक प्लॅस्टिकची फूटपट्टी उन्हाळ्याच्या सुटीत एकमेकांना टेकून पडली, की जूनमध्ये दोन्ही चिकटलेली निघतात आणि पट्टीवर खोडरबराच्या आकाराचा खळगा पडलेला असतो. खोडरबरातील प्लॅस्टिसायझर सुटीभर पट्टीत शिरत होता, आणि पट्टीचे कठीण प्लॅस्टिक त्याने विरघळवले. ह्याच कारणास्तव मऊ टोपी पॉलिस्टायरीनसारख्या कठीण प्लॅस्टिकच्या यंत्रभागावर बसवू नये अशी जाणत्यांची शिफारस असते, आणि ती न पाळणाऱ्या उत्पादकाचा माल गोदामातच खराब होतो.

परंतु तो द्रव पट्टीत न जाता मनुष्याच्या शरीरात गेला तर? हा प्रश्न ज्या संस्थेत प्रथम ठामपणे उभा राहिला तिचा ह्या विद्येशी आधीचाही ऋणानुबंध आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन ह्यांच्या हातांना पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने पुरळ उठतात हे पाहून, गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे मुद्दाम करवून घेतले. संरक्षण हवे होते ते परिचारिकेच्या त्वचेला. रुग्णाचे रक्षण त्यातून होते हे मागाहून ध्यानात आले. पुढे चिकात बुडवून केलेले, आणि त्याहीपुढे व्हिनाइल पेस्टमध्ये बुडवून केलेले हातमोजे ह्याच परंपरेतले. त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९७० साली रुडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन ह्यांनी दाखवून दिले की, पीव्हीसीच्या पिशवीत साठविलेल्या रक्तात पिशवीचा थॅलेट उतरतो. १९५० मध्ये कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी ह्यांनी काचेच्या बाटलीच्या जागी ही पिशवी आणून रक्तदानाच्या व्यवस्थेत क्रांती केली होती, आणि तिच्यामुळे असंख्य प्राण वाचले होते, म्हणून ह्या निष्कर्षाने वैद्यकविश्वाला धर्मसंकटात टाकले. पेच असा की तोच थॅलेट तांबड्या रक्तपेशींच्या आवरणाला टिकाव देतो, आणि तो काढून टाकला तर साठविलेले रक्त लवकर नासते. रक्ताच्या पिशवीतून त्याला हद्दपार करणे म्हणूनच आजवर इतके कष्टाचे ठरले आहे. खेळण्यातून, जे मूल तोंडात घालते, त्याला काढण्यात असे कोणतेही धर्मसंकट नव्हते, आणि तरीही त्यास विलंब झाला, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

मृदुतेच्या ह्या प्रश्नाहूनही भीषण प्रकरण १९७४ च्या जानेवारीत उघडकीस आले. अमेरिकेतील केंटकी प्रांतात, लुईव्हिल येथील गुडरिचच्या पीव्हीसी कारखान्यातील कामगार यकृताच्या एका अतिदुर्मिळ कर्करोगाने दगावल्याचे कंपनीने जाहीर केले. कारखान्यातील वैद्य जॉन क्रीच ह्यांच्या ध्यानात आले होते की असा दुर्मिळ रोग एकाच कारखान्यात वारंवार आढळणे योगायोग असू शकत नाही. अपराधी होता तो व्हिनाइल क्लोराइड वायू, जो बाउमानच्या काचपात्रात प्रथम घट्ट झाला होता आणि ज्याच्या टाक्या आतून खरवडण्यासाठी कामगार पिढ्यान्‌पिढ्या आत उतरत होते. १९७५ पासून अमेरिकेत कामाच्या जागेतील हवेत त्याचे प्रमाण दहा लक्षांत एक भाग एवढ्यापर्यंत मर्यादित केले गेले. कारखानदारांनी आधी हे अशक्य असल्याची कैफियत मांडली, आणि मग बंदिस्त यंत्रणा बसवून ते शक्यही करून दाखविले. साचे पेस्टमध्ये बुडविणाऱ्या कारागिराला ह्या वायूचा संपर्क जवळजवळ होत नाही, कारण त्याच्यापर्यंत पूड पोहोचते तेव्हा वायू बहुतांशी निघून गेलेला असतो. परंतु त्याच्या हातातील पुडीमागे अशी माणसे उभी होती, हे त्याला माहीत असणे उचित आहे.

आपल्या देशात पीव्हीसीचे उत्पादन मुंबईत कॅलिको कंपनीच्या कारखान्यात १९६१ मध्ये सुरू झाले. तामिळनाडूतील मेट्टूर येथे १९६७ मध्ये केमप्लास्टचा कारखाना आला, आणि १९९४ मध्ये रत्नागिरीच्या समुद्रकाठी फिनोलेक्सचा. बुडविण्याच्या कामी लागणारी पेस्टची पूड मेट्टूरला आणि रत्नागिरीला होऊ लागल्यामुळे, एके काळी आयातीचा परवाना हाती येईपर्यंत तिष्ठत बसणाऱ्या लहान कारखानदारांना दिलासा मिळाला. मऊ पीव्हीसीच्या कापडाच्या व पत्र्याच्या धंद्यातील भोर इंडस्ट्रीज ह्या मुंबईच्या कंपनीने ह्या व्यवसायाला कायद्याच्या इतिहासातही स्थान मिळवून दिले. कारखान्यात मधल्या टप्प्यावर तयार होणारी कच्ची पीव्हीसी फिल्म ही उत्पादनशुल्काला पात्र ‘माल’ होते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ मध्ये फैसला झाला तो असा की, जी वस्तू बाजारात विकली जाण्याजोगी म्हणून ओळखली जात नाही ती शुल्काच्या अर्थाने मालच नव्हे. शुल्काविषयीच्या पुढील कित्येक वादांत ह्या निवाड्याचा हवाला दिला गेला.

प्लॅस्टिसायझरची अलीकडची निवड ही भयातून जन्मलेली निवड आहे, आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. युरोपने १९९९ मध्ये मुले तोंडात घालतात अशा खेळण्यांतील थॅलेटांवर तात्पुरती बंदी घातली, २००५ मध्ये ती कायम केली. अमेरिकेने २००८ मध्ये काही थॅलेटांचे प्रमाण ०.१ टक्क्यावर रोखले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, आणि शिशाचा स्टॅबिलायझर पाण्याच्या नळ्यांतून काढण्याचे नियमही त्याच वर्षी निघाले. डीओपीच्या जागी टेरेथॅलेट वर्गातील डीओटीपी, सिट्रेट आणि सोयाबीनच्या तेलापासून केलेले एपॉक्सी द्रव्य आता सहज मिळते. ह्यांतील काही महाग पडतात, काहींनी पेस्टची घडण बदलते आणि भट्टीचे तापमान नव्याने बसवावे लागते. ही तसदी सोसणारा कारखानदार आपल्या गिऱ्हाइकाशी प्रामाणिक आहे, एवढेच म्हणतो. निर्यातीच्या मालाला निर्मळ प्लॅस्टिसायझर आणि देशी बाजारातील मालाला जुनाच, अशी दुटप्पी तजवीज कोठे चालत असेल तर ती तत्काळ थांबविली पाहिजे. आपल्या लेकरांचे यकृत परदेशी लेकरांच्या यकृताहून अधिक कणखर नाही.

एक विनंती करून हा लेख पुरा करतो. मुंबई, ठाणे, वसई ह्या पट्ट्यातील आणि पुण्याभोवतालच्या लहान कारखान्यांत ही विद्या गेल्या साठ वर्षांत शिकली गेली ती पुस्तकांतून फार थोडी आणि वह्यांतून फार मोठी. शंभर भाग पुडीला काय घातले, कोणत्या दिवशी पेस्ट दाटली, कोणत्या मुक्कामाला किती जाडी आली, गिऱ्हाइकाने माल परत का पाठविला, ह्यांच्या पेन्सिलीने केलेल्या नोंदी त्या वह्यांत आहेत. बुडविलेली पीव्हीसीची वस्तू कधी कधी तीसतीस वर्षे टिकते, आणि तिच्या अंगात कोणता द्रव व कोणते शिसे आहे हे कळण्याचा आधार बहुधा ती वहीच असते. कारखाने बंद होतात, वारस दुसऱ्या धंद्यात जातात आणि ह्या वह्या रद्दीत निघतात. ज्यांच्या घरी किंवा गोदामात अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीवाल्याला न देता जवळच्या तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात.